अर्ध्या मिलिमीटरच्या गांधीलमाशीला नाव देताना

परसातल्या कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर लिंबाच्या फुलपाखराचं अंडं शोधा. मोहरीएवढं, गोल, फिकट पिवळं. काही दिवसांत त्यातून सुरवंट यायला हवा, पण एखादं अंडं काळं पडतं आणि तसंच राहतं. मग केव्हातरी त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं आणि आतून एकामागून एक अर्ध्या मिलिमीटरच्या पिवळट माश्या बाहेर येतात. डोळे लाल, पंखांच्या कडेला केसांची झालर. ही परोपजीवी गांधीलमाशी. परोपजीवी म्हटलं तरी उवा-गोचिडांसारखी नव्हे. यजमानाला, म्हणजे ज्या किड्यावर ती वाढते त्याला, संपवूनच ती मोठी होते. उसात किडीच्या बंदोबस्तासाठी ट्रायकोकार्ड लावणाऱ्यांनी तिच्या ट्रायकोग्रामा नावाच्या भाऊबंदांना कार्डावरच्या काळ्या ठिपक्यांच्या रूपात पाहिलेलं असतं.

सूक्ष्मदर्शकाखाली ती पहिल्यांदा बघणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ही नवी जात असेल का? असू शकते. या माश्यांच्या कॅल्सिड नावाच्या एकाच मोठ्या गटात आजवर सुमारे 23 हजार जातींना नावं मिळाली आहेत आणि खऱ्या जाती पाच लाखांपर्यंत असाव्यात असा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेक उष्ण कटिबंधात. म्हणजे आंबोलीच्या किंवा तिलारीच्या जंगलातून आणलेल्या एका बाटलीतही नाव नसलेलं काहीतरी निघायची शक्यता बरीच. खरं काम त्यानंतर सुरू होतं: गेल्या अडीचशे वर्षांत जगात कुणीही हिला नाव दिलेलं नाही, हे दाखवून देणं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या तिथवर पोचण्यासाठीच आहेत.

खटाटोप कशासाठी, याचं एक उदाहरण पांगाऱ्याचं. 2000 नंतरच्या काही वर्षांत आशियात आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर पांगाऱ्याच्या पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर गाठी दिसू लागल्या. त्या करणारी दीड मिलिमीटरची माशी कुणालाच माहीत नव्हती. 2004 मध्ये तिचं क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी असं बारसं झालं. 2005 मध्ये ती हवाई बेटांवर पोचली आणि तिथल्या देशी पांगाऱ्यांची पार दैना झाली; केरळातही ती आली. तिचा शत्रू शोधायला माणसं आफ्रिकेत गेली. टांझानियात सापडलेली, तिच्या अळ्या खाणारी माशीही बेनामीच निघाली. युरिटोमा एरिथ्रिनी हे नाव तिला 2008 मध्ये मिळालं आणि त्याच वर्षी ती हवाईत सोडली गेली. नाव-गाव नसलेला कीटक देशात सोडायची परवानगी मागायची तरी कशी?

आधी कागदपत्रं

स्वतःच्या परसात किंवा ओळखीच्या शेतात, मालकाच्या संमतीने, सुरुवात करा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन विभागाची लेखी परवानगी हवीच. किडा कितीही बारीक असला तरी. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा, 2002 आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा. याच कायद्याप्रमाणे नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. हे शेवटी बघू म्हणाल, तर शेवटी अडाल.

पकडणं

सगळ्यात स्वस्त सापळा म्हणजे पिवळ्या रंगाची पसरट प्लास्टिकची भांडी. जमिनीत कडेपर्यंत बसवा, पाणी भरा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. त्याने पाण्याचा ताण मोडतो आणि माशी तरंगत न राहता बुडते. दुसऱ्या दिवशी पाणी गाळा. इथे नवशिक्यांचं हमखास चुकतं: चहाच्या गाळण्यातून गाळलं की हव्या त्याच माश्या खाली जातात. जुनी मलमलची ओढणी वापरा. पावसाळ्यात भांडी भरून वाहतात आणि सगळी मेहनत ओहोळाला मिळते, म्हणून कडेच्या जरा खाली भोकं पाडून त्यांवर बारीक जाळी चिकटवा, किंवा पाऊस सरायची वाट बघा. तंबूसारखा मॅलेझ सापळा याहून भारी, पण पहिल्या वर्षी त्यात पैसे घालू नका.

सापळ्यात माशी मिळते, तिची कहाणी मिळत नाही. ती कशावर वाढली हे कळायला हवं असेल तर अंडी, कोष, पिठ्या ढेकूण, पानांवरच्या गाठी गोळा करून त्यांतून माश्या निघू द्या. औषधाची रिकामी कॅप्सूल यासाठी झकास: पानाच्या तुकड्यासकट एक अंडं आत, टोपण बंद, वर क्रमांक. कापसाच्या बोळ्यातूनसुद्धा या माश्या वाट काढतात, कॅप्सूलमधून नाही. बाहेर आल्यावर त्यांना लगेच मारू नका. एक दिवस जाऊ द्या, अंग कडक होऊन रंग भरू दे. आणि अंड्याचं रिकामं टरफल फेकू नका. यजमान कोण होता याचा तोच पुरावा.

साठवण अल्कोहोलमध्ये. नुसतं बघायचं तर 70 टक्के पुरतं, डीएनए काढायचा तर 95 टक्के किंवा त्याहून जास्त आणि बाटली फ्रीझरमध्ये. असं अल्कोहोल सुटं मिळत नाही; एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाशी नातं जोडा. पुढे सूक्ष्मदर्शक लागणारच आहे.

बाटलीत चिठ्ठी टाका, पेन्सिलीने लिहिलेली. देश, राज्य, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, सापळ्याचा प्रकार किंवा यजमान, गोळा करणाऱ्याचं नाव. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाटलीत निळं पाणी तेवढं उरतं. बाहेरून मार्करने लिहिलेलं तर सांडलेल्या एका थेंबाने पुसलं जातं. चिठ्ठी नसलेली माशी कितीही सुंदर असली तरी शास्त्राच्या लेखी ती नाही.

काचेवर चढवणं

या कामातला माझ्या सगळ्यात आवडीचा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त माश्या वाया जातात त्याही इथेच.

दोन-तीन मिलिमीटरच्या माश्या जाड पांढऱ्या कागदाच्या त्रिकोणावर डिंकाने चिकटवता येतात. पण अल्कोहोलमधून काढून तशाच वाळवल्या तर त्या मनुकेसारख्या आक्रसतात, म्हणून आधी रसायनाने किंवा यंत्राने वाळवाव्या लागतात. एक मिलिमीटरच्या आतल्या माशीला मात्र काचपट्टीला पर्याय नाही. पंखावरचे केस, शृंगिकेचे सांधे, नराची जननेंद्रियं हे सगळं पारदर्शक करून, दिव्याचा प्रकाश खालून आरपार घेऊनच दिसतं.

चिमटा बाजूला ठेवा. ट्रिपल झीरोचा रंगाचा ब्रश घ्या, नाहीतर बारीक टाचणी काडीत खोचून सुई करा. सुईचं टोक किंचित वाकवलं की त्याची पळी होते. माशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात रात्रभर. आतलं मांस विरघळतं, बाहेरचं कवच राहतं. सकाळी पाण्याने धुवा. मग अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, 30 टक्क्यांपासून शुद्धपर्यंत, प्रत्येकीत दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर लवंग तेल. लवंग तेलात माशी काचेसारखी होते आणि खोलीला दातांच्या दवाखान्याचा वास येतो. शेवटी कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाच्या थेंबात एका बाजूचे पंख वेगळे, शृंगिका वेगळ्या, डोकं समोरून दिसेल असं, धड पाठ वर करून. प्रत्येक थेंबावर काचेचा छोटा तुकडा. श्वास रोखून करायचं काम आहे हे. पंखा बंद, आणि शिंक आली तर आधी मागे सरा. बाल्सम सुकायला काही आठवडे लागतात, तोवर काचपट्टी आडवीच ठेवा.

एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. पहिल्या उत्साहात चांगल्या पाच माद्या मी थेट द्रावणात टाकल्या. सकाळी पाचही स्वच्छ, पारदर्शक, आणि पाचही एकाच फिकट चहाच्या रंगाच्या. पोट काळं होतं की तपकिरी, पायांवर पट्टे होते का, काही आठवेना. वर्णनात रंगाचा परिच्छेद लिहायला पुन्हा त्याच झाडाखाली पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. तेव्हा द्रावणात टाकण्याआधी फोटो काढा आणि रंग शब्दांत लिहून ठेवा. फोटोतला रंग दिव्याप्रमाणे बदलतो, म्हणून शब्दही हवेत.

घराणं ओळखणं

आता पावलांचे सांधे मोजा. तीन असतील आणि पंखावर केसांच्या रांगा असतील तर ट्रायकोग्रामाचं कुळ. मागचा पंख देठावर बसवल्यासारखा आणि झालर पंखाच्या रुंदीहून लांब असेल तर मायमॅरिड, म्हणजे परीमाशी. चार सांधे बहुधा युलोफिड. पाच सांधे आणि मधल्या पायाला उडी मारायला जाडजूड काटा असेल तर एनसिर्टिड बघा. हे झालं ढोबळ. पुढे जीनसपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, छापील किल्ल्या (पायरीपायरीने लक्षणं विचारून ओळख पटवणारे तक्ते) घेऊन जायचं. भारतीय कॅल्सिडांसाठी सुब्बा राव आणि हयात यांनी 1985-86 मध्ये केलेलं काम अजूनही टेबलावर लागतं. किल्लीत जिथे अडाल तिथे दोन्ही वाटांनी पुढे जाऊन बघा. बहुतेक वेळा एक वाट दोन पावलांत हास्यास्पद ठरते.

तुलना, आणि पुन्हा तुलना

जीनस कळला की त्यातल्या आजवरच्या सगळ्या जातींची यादी काढा. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या. कॅल्सिड गटासाठी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जॉन नॉइस यांनी उभारलेला जागतिक माहितीसाठा आहे: प्रत्येक नाव, ते कुणी, कधी, कुठून दिलं, आणि नंतर कोणत्या नावात विलीन झालं. जुने शोधनिबंध बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट वाचायला मिळतात. वाचताना तुमचा धीर सुटणार. एकोणिसाव्या शतकातली कित्येक वर्णनं अशी की एकात दहा जाती बसाव्यात: काळी, पाय पिवळे, पंख स्वच्छ. बस्स.

अशा वेळी शब्दांवर विसंबता येत नाही. मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, बघावा लागतो. भारतातून ब्रिटिश काळात गेलेले पुष्कळ नमुने लंडनला आहेत. ऑस्ट्रेलियात हजारो जाती वर्णन करणाऱ्या जिरॉल्ट यांचे बहुतेक तिथले नमुने ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड म्युझियममध्ये आहेत. संग्रहपालाला नम्रपणे पत्र लिहा, नेमका कोणता भाग बघायचा ते सांगा आणि फोटो मागा. बहुतेक संग्रहपाल मदत करतात. उत्तराला महिने लागू शकतात, आणि तेवढे ते लागू द्यावेत.

हे टाळलं की काय होतं ते आपल्या ट्रायकोग्रामानेच दाखवलं आहे. भारतात उसाच्या खोडकिडीवर सोडली जाणारी माशी वर्षानुवर्षं कधी मिन्युटम, कधी ऑस्ट्रॅलिकम या नावांनी ओळखली गेली. बंगळूरला सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी या माश्यांचे आपसात संकर करून पाहिले आणि 1971 मध्ये दाखवून दिलं की बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या जाती नराच्या जननेंद्रियांवरून खात्रीने वेगळ्या ओळखता येतात. गोंधळ तरी मिटला नाही. 1976 मध्ये कन्फ्यूसम नावाने एक जात नवी म्हणून वर्णिली गेली आणि 1979 मध्ये याच दोघांनी दाखवलं की ती तर इशी यांनी जपानमधून 1941 मध्येच चिलोनिस नावाने नोंदवलेली जात. जुनं नाव टिकलं, कन्फ्यूसम गेलं. गोंधळात जन्मलेल्या माशीला इतकं समर्पक नाव दुसरं मिळालं नसतं. तुम्ही विकत घेता त्या ट्रायकोकार्डावर आज चिलोनिस छापलेलं असतं त्यामागे एवढं रामायण आहे.

दुसरा सापळा माशी स्वतःच लावते. ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिस या जातीचे नर पतंगाच्या अंड्यातून निघाले तर पंखवाले असतात आणि आल्डरफ्लाय नावाच्या पाणकिड्याच्या अंड्यातून निघाले तर बिनपंखाचे. शृंगिका आणि पायही वेगळे. एकाच आईची लेकरं, आणि बघणाऱ्याला वाटावं की जातीच दोन आहेत. लहान अंड्यात वाढलेली माशी लहान राहते, तिची मापं बदलतात, केसांची संख्या कमी होते. म्हणून एका माशीवर नवी जात उभी करू नका. निदान दहा-बारा माद्या आणि काही नर, शक्य तर दोन ठिकाणांहून आणि दोन यजमानांवरून, मोजा. तुमचा फरक सगळ्यांत टिकला, मधल्या पायऱ्या सापडल्या नाहीत, तर आशा धरा. मी नवी म्हणून ज्या पहिल्या माशीच्या मागे लागलो ती नेहमीचीच जात होती, फक्त उपाशी वाढलेली.

डीएनए

पैसे आणि प्रयोगशाळा असेल तर बारकोड जरूर काढा. तो सीओवन जनुकाचा सुमारे 658 अक्षरांचा तुकडा. माशी चिरडावी लागत नाही: विकर घातलेल्या द्रावणात ती उबेला रात्रभर ठेवली की डीएनए बाहेर येतो, कवच शाबूत राहतं आणि तेच पुढे काचेवर चढवता येतं. म्हणजे मघाच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं कामही बरंचसं होऊन जातं. नर आणि मादी एकाच जातीचे का, हे ठरवायला बारकोडसारखं साधन नाही.

पण नुसत्या बारकोडवर जात उभी करावी का, यावर मोठा वाद आहे. 2021 मध्ये कोस्टा रिकामधून ब्रॅकोनिड या परोपजीवी गांधीलमाश्यांच्या गटाच्या 403 नव्या जाती एका दमात जाहीर झाल्या, बहुतेकींना एक फोटो आणि बारकोड एवढाच आधार. करणाऱ्यांचं म्हणणं, जंगलं संपत असताना केस मोजत बसायला वेळ नाही. विरोधकांचं म्हणणं, ज्याच्याकडे यंत्र नाही त्याने ही माशी ओळखायची कशी? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. कोकणातल्या कृषी महाविद्यालयातल्या मुलीला भिंगाखाली जे दिसतं त्यावरून तिला माशी ओळखता आली पाहिजे.

लिहिणं

शोधनिबंधाचे दोन भाग वेगळे ठेवा. निदान म्हणजे ही जात जवळच्या जातींपासून कशी ओळखायची, चार-पाच ओळींत. वर्णन म्हणजे डोक्यापासून अंडनलिकेपर्यंत सगळं, तारेच्या भाषेत, क्रियापदांशिवाय. “शृंगिका जरा लांब” असं लिहू नका, “शेवटचा सांधा रुंदीच्या 3.1 पट लांब” असं लिहा. मापं काचेवरच्या मोजपट्टीने, आणि सर्वांत कमी, सर्वांत जास्त, दोन्ही द्या. आकृत्या हाताने काढता आल्या तर फारच छान. काय दाखवायचं ते फोटो ठरवत नाही, हात ठरवतो.

नियमांचा ग्रंथ म्हणजे प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता. तिची चौथी आवृत्ती 2000 च्या 1 जानेवारीपासून लागू आहे. नवशिक्याने चुकवू नये असं त्यात मोजकंच: नाव नवं आहे हे स्पष्ट लिहा, एकच होलोटाइप नेमा, तो कोणत्या संग्रहात ठेवला ते छापा आणि इतर जातींपासूनचा फरक शब्दांत द्या. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर प्रकाशनाआधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी. पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. एकदा छापलेलं चुकीचं नाव पुढच्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसतं.

नाव

नाव लॅटिन पद्धतीचं, पण शब्द कुठलाही चालतो. जगातल्या सर्वांत लहान उडणाऱ्या कीटकाचं, हवाईतल्या परीमाशीचं, नाव आहे किकिकी हुना. दोन्ही शब्द तिथल्याच भाषेतले, दोन्हींचा अर्थ इवलंसं. पुरुषाच्या नावाला शेवटी आय, स्त्रीच्या नावाला एई. स्वतःचं नाव देण्यावर बंदी नाही, पण हसं होतं.

विशेषण वापरलंत तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे चालतं, आणि मराठी माणसाला हे पटकन कळायला हवं, कारण आपल्यालाही चांगला, चांगली, चांगलं असं बदलायची सवय आहे. टेलेनोमस पुल्लिंगी, एनकार्सिया स्त्रीलिंगी, ट्रायकोग्रामा नपुंसकलिंगी. म्हणून जॅपोनिकम, प्रेटिओसम. कोकणावरून नाव द्यायचं तर टेलेनोमसला कोकणेन्सिस, ट्रायकोग्रामाला कोकणेन्स. आणि ते नाव त्या जीनसमध्ये आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे पुन्हा एकदा बघा; कॅल्सिड असेल तर नॉइस यांच्या यादीत.

जमा करणं

होलोटाइपला लाल चिठ्ठी. तो कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे द्या. पुण्याला आकुर्डीत तिचं विभागीय केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते. घरी ठेवू नका. वाळवी, बुरशी आणि हौशी माणसाच्या पुढच्या पिढीची साफसफाई, तिन्ही सारखीच घातक.

वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने, म्हणजे पॅराटाइप, एकाच कपाटात कोंबू नका. 2018 च्या सप्टेंबरमध्ये रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं आणि कीटकांचा मोठा संग्रह, मूळ नमुन्यांसकट, एका रात्रीत गेला. दोन नमुने बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे, दोन दिल्लीच्या पुसा संग्रहाकडे. काचपट्ट्या खाचांच्या लाकडी पेटीत उभ्या बसवा, वर फोमची पट्टी, ती पेटी दुप्पट मोठ्या खोक्यात, भोवती चुरगळलेले कागद. बाल्सम पुरतं सुकलं आहे याची खात्री करूनच पाठवा. मे महिन्यात पार्सलच्या डब्यात ते पुन्हा मऊ होतं आणि माशी काचेच्या कडेला सरकते. जमलं तर पेटी मांडीवर घेऊन स्वतःच रेल्वेने जा.